सराटा

फलज अल कबाइलच्या मागच्या रस्त्याला
गाड्यांना रंग मारणारे संपतात, तिथं माझं दुकान.
दुकान म्हणजे अर्धा कापलेला कंटेनर,
पंप, सोल्यूशनच्या ट्यूबा, पाण्याचा टब
आणि समोर एक मोकळा प्लॉट.
मालक मस्कतला.
प्लॉटवर सराट्याचा संसार.

पहाटे पाचला सायकली येतात, हाताला धरून आणलेल्या.
डम्बर येतो, मोफिजुल येतो,
रात्रपाळी सुटलेली, डोळ्यांत वेल्डिंगची राख.
मी टायर उलटं करतो
आणि आतनं अंगठा फिरवतो, सावकाश,
बिरुमामा मेंढीच्या खुरात फिरवायचा तसा,
डोळे मिटून.
टोचला की सापडला.
दुसरी खूण नाही त्याची.

पाच फाकांचं फळ. वाळलं की सुटं होतं.
एकेका फाकेला दोन मोठी शिंगं.
कसंही फेका, उताणं, पालथं,
एखादं शिंग आभाळाकडं राहतंच.
म्हसवडच्या माळावर हाच होता.
मी विमानानं आलो तर
हा आधीच येऊन बसलेला,
पिवळी फुलं लावून, पाव्हण्यासारखा.

शम्सा म्हातारी सकाळी शेळ्या आणते,
फळ धरायच्या आत जेवढा खातील तेवढा खातात.
तिला विचारलं, ह्याला काय म्हणता?
म्हणाली, शरशर.
काट्याला असलं नाव!
कुणीतरी लांब पाणी ओततंय असं वाटलं.

मोफिजुल हिशोबी माणूस.
परवा बोटं मोडत म्हणाला,
बारा दिवसांत चार पंक्चर, आठशे बैसा.
खरं सांग उस्ताद, रात्री तूच पेरतोस ना?
सगळे हसले.
सगळ्यांत जास्त मी हसलो.

संध्याकाळी रोजच्यासारखा टब उचलला,
बुडबुडे बघून बघून काळं झालेलं पाणी
प्लॉटच्या कडेला भिरकावलं
आणि तिथंच थांबलो.
बाकी सगळी माती पांढरी, भाजलेली.
फक्त माझ्या पायापासून पुढं
सुपासारखं पसरत गेलेलं हिरवं.
माझ्या फेकीच्या मापाचं.
सहा वर्षं.

मोफिजुलला हे सांगितलेलं नाही.

मग डम्बरला मुतखडा झाला.
दिवसभर लोखंडाच्या टाकीत उभा, पाणी प्यायला वेळ नाही,
माझ्या कंटेनरात पुठ्ठ्यावर पडून
गुडघे पोटाशी घेऊन आईला हाका मारत होता.
क्लिनिकनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या.
मला आत्याची चूल आठवली,
चुलीवरचा काढा, आणि घरभर तो वास,
ओल्या गोणपाटासारखा.
त्या सुपातले मूठभर सराटे वेचले,
वेचताना बोटं रक्ताळली,
चहाच्या पातेल्यात उकळले.
डम्बर एक घोट प्यायचा
आणि नेपाळीत मला एक शिवी द्यायचा.
तीन दिवस. मी शिव्या मोजल्या नाहीत.

चौथ्या दिवशी बाटलीच्या बुचात घालून
दाखवायला आणला त्यानं.
तिळाएवढा, तपकिरी,
चारी अंगांनी टोकं फुटलेली.
कुणी विश्वास ठेवा, नका ठेवू,
सराट्याचंच पोर दिसत होतं.
गोळीनं पडला की काढ्यानं,
डॉक्टर जाणे, सराटा जाणे.
डम्बरनं ते बूच खिशात ठेवलं, जपून.

आज त्याचीच सायकल पंक्चर.
अंगठा फिरवला. टोचला.
काढून त्याच्या तळहातावर ठेवला,
दोघंही बघत बसलो.
दोनशे बैसा मात्र घेतले.
त्यानंही दिले, घासाघीस न करता.

आता सूर्य रिफायनरीच्या मागं गेलाय.
टब उचललाय.
आणि मघापासून
तसाच धरून उभा आहे.